नियम ८अ : घड्याळाने ठरणाऱ्या वीजदराचे भाष्य

महाळुंगे इंगळे गावच्या हद्दीतल्या, चाकण एमआयडीसीतल्या, उच्चदाब जोडणीच्या कुठल्याही कारखान्याचे २०२४ चे वीजबिल समोर घे. त्यात ए, बी, सी, डी असे चार झोन दिसतील. सी झोन म्हणजे सकाळी ९ ते दुपारी १२. या तीन तासांतल्या प्रत्येक युनिटवर ८० पैसे जादा. आता २०२५ च्या दर आदेशानंतरचे बिल त्याच्या शेजारी ठेव. तेच ९ ते १२, आणि त्याच तासांवर सवलत. प्रेस तीच, पेंटशॉप तेच, कामगारही तेच. काल ज्या वेळेला दंड होता तिला आज बक्षीस आहे. हे कसे झाले ते नुसत्या दरपत्रकातून कळणार नाही. त्यामागचा नियम वाचावा लागेल, आणि तो ओळीओळीने वाचावा लागेल.

नियम असा : केंद्र सरकारच्या वीज (ग्राहकांचे हक्क) नियम, २०२० यात १४ जून २०२३ च्या दुरुस्तीने घातलेला नियम ८अ. मूळ मजकूर इंग्रजी आहे. खाली दिलेले मराठी रूप अर्थाला धरून केलेले आहे.

आधी नियमाचा आधार पाहू. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ६२, पोटकलम (३) म्हणते की दर ठरवताना वीज नियामक आयोगाने कोणत्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकते माप देऊ नये. मात्र भारांक, पॉवर फॅक्टर, दाब, ठरावीक काळातला एकूण वापर, पुरवठा ज्या वेळी लागतो ती वेळ, प्रदेशाचे भौगोलिक स्थान, पुरवठ्याचे स्वरूप आणि हेतू यांनुसार भेद करता येईल. 'देऊ नये' हे बंधन आहे, 'करता येईल' ही मुभा आहे. याचा अर्थ, भेद हा अपवाद आहे आणि त्याला कारण लागते. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्यात, कलम ४९ मध्ये, भौगोलिक स्थान, स्वरूप आणि हेतू यांच्यापुढे 'आणि इतर संबंधित बाबी' असे शेपूट होते. २००३ च्या वाक्यात ते नाही. म्हणजे यादी बंद आहे, असे मी वाचतो. ग्रीड कितीही बदलली तरी नव्या दराला याच आठ खुंट्यांपैकी एका खुंटीवर टांगावे लागेल. नियम ८अ ने 'वेळ' ही खुंटी निवडली.

मूळ : 'दहा किलोवॉटपेक्षा जास्त कमाल मागणी असलेल्या वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार दर १ एप्रिल २०२४ पेक्षा उशिरा नाही अशा तारखेपासून, आणि कृषी ग्राहक वगळता इतर ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पेक्षा उशिरा नाही अशा तारखेपासून लागू करावा, आणि स्मार्ट मीटर असलेल्यांना तो मीटर बसताच लागू करावा.'

'कमाल मागणी' म्हणजे मंजूर भार नव्हे. मीटरने प्रत्यक्षात नोंदलेली सर्वांत मोठी मागणी. १५ किलोवॉट मंजूर असलेल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्याची मागणी ८ च्या वर कधी गेलीच नसेल, तर तो पहिल्या तारखेतून सुटतो आणि दुसऱ्या तारखेत सापडतो. सुटका वर्षभराची. पुढे जाऊ.

'कृषी ग्राहक वगळता.' इथे थांबायला हवे. हे औदार्य आहे असे समजू नकोस. वेळेनुसार दर त्याच्यावरच लावता येतो ज्याच्या हाती वेळ आहे. शेतीच्या फीडरवर वीज कधी येणार हे शेतकरी ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शिवाय कित्येक पंपांना मीटरच नाही, अश्वशक्तीवर आकारणी होते. इथल्याच खेड तालुक्यात रात्रीच्या पाळीला कांद्याला पाणी धरायला निघालेला माणूस बिबट्याच्या भीतीने हातात बॅटरी आणि काठी घेऊन जातो. त्याला 'रात्री वापरा, स्वस्त पडेल' म्हणणे ही थट्टा होईल. वगळण्याचे कारण म्हणजे निवडीचा अभाव. ही गोष्ट मनात ठेव, कारण नियमाच्या पुढच्या ओळींत निवड नसलेले इतरही लोक येतील आणि त्यांना वगळलेले नसेल.

दुसरीही एक बाजू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीचे फीडर सूर्यावर आणायचे काम २०१७ पासून चालू आहे. पंप दिवसाकडे सरकले की रात्रीची मागणी घटते. याचे काय ते 'रात्र' या मुद्द्याशी पाहू.

'मीटर बसताच.' म्हणजे आयोगाच्या आदेशाची वाट न पाहता का? दोन वाचने होतात. पहिले : मीटर लागला की दर आपोआप लागू. दुसरे : दर आयोगानेच ठरवायचा, मीटर बसल्यावर तो लावण्यात दिरंगाई नको, इतकेच. दुसरे वाचन बरोबर, कारण दर ठरवण्याचा अधिकार अधिनियमाने आयोगाला दिला आहे आणि कलम १७६ खालचा नियम अधिनियमाला ओलांडू शकत नाही. महाराष्ट्रात २०२४ च्या उन्हाळ्यात स्मार्ट प्रीपेड मीटरवरून रान उठले, सरकारने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले, आणि नंतर घरांवर जे लागले त्याला 'टीओडी' (टाइम ऑफ डे) मीटर म्हणू लागले. त्या मीटरवाल्या घरांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू झाली. नोकरदाराच्या घराला या वेळी कुलूप असते. महाळुंग्यात तसे नाही. इथल्या भाड्याच्या खोल्यांत तिसरी पाळी करून आलेली पोरे दिवसा पंखा लावून झोपतात. पण मीटर घरमालकाचा आणि खोलीला सब-मीटर. भाडेकरूकडून युनिटचा एकच भाव. सवलत कुठे थांबते ते तूच पाहा.

मूळ : 'परंतु, वाणिज्यिक व औद्योगिक ग्राहकांसाठी कमाल मागणीच्या काळातला दर सर्वसाधारण दराच्या १.२० पटीपेक्षा कमी नसावा, आणि इतर ग्राहकांसाठी १.१० पटीपेक्षा कमी नसावा.'

मूळ : 'परंतु आणखी असे की, सौर तासांतला दर त्या वर्गाच्या सर्वसाधारण दरापेक्षा किमान वीस टक्क्यांनी कमी असावा.'

यातली 'कमाल मागणी' ग्रीडची, ग्राहकाच्या मीटरवरची नव्हे. ही दोन परंतुके एकत्रच वाचली पाहिजेत. वेगळी वाचली की पहिले शिक्षा वाटते आणि दुसरे दान.

आधी कारण. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि ती साठवून ठेवण्याची सोय थोडी. कोळशाचे संच अर्ध्याच्या आसपास उतरवता येतात. त्याखाली उतरणे त्यांना जड जाते. म्हणून दुपारचे जादा युनिट खपवणे हीच ग्रीडची अडचण होऊन बसते. सूर्य कलला की तीच ग्रीड उलटी होते. घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या लागतात, सौर वीज शून्यावर येते, आणि दोन-तीन तासांत फार मोठी पोकळी भरून काढावी लागते. ती भरायला कोयना आहे, घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीत बांधलेले आहे. ते रोज वाटेल तितके सोडता येत नाही. उरलेली वीज बाजारातून घ्यावी लागते. तिथे संध्याकाळचे भाव १० रुपयांच्या मर्यादेला जाऊन टेकतात, आणि दुपारी तिथेच मातीमोल होतात. ही तफावत ग्राहकाच्या बिलापर्यंत पोचवणे, हा या दोन ओळींचा हेतू.

आता 'सर्वसाधारण दर'. नियमाने याची व्याख्या केलेली नाही, आणि सगळे ओझे याच शब्दावर आहे. पूर्वपक्ष म्हणेल : वेळेचा भेद नसता तर जो दर लागला असता तो. ऐकायला नेटके, पण असा दर कुठेच छापलेला नसतो. दुसरे वाचन : दरपत्रकात त्या वर्गासमोर जो मूळ वीज आकार लिहिला आहे तो. हे वाचन घ्यावे लागते, कारण गुणाकार करायला आकडा लागतो. पण मग एक गोष्ट मान्य करावी लागते. वितरण कंपनीला वर्षाचा ठरलेला खर्च वसूल करायचा असतो. सवलतीमुळे महसूल कमी पडला तर आयोग पुढच्या वेळी मूळ आकडाच वर नेऊ शकतो. याचा अर्थ, 'वीस टक्के कमी' हे वचन कशाच्या तुलनेत आहे ते नियमाने मोकळे सोडले आहे.

'कमी नसावा', 'किमान'. दोन्ही ठिकाणी खालची मर्यादा आहे, वरची कुठेच नाही. हे महत्त्वाचे आहे. याकडे चौथ्या परंतुकात परत यावे लागेल.

हिशेब करून पाहू. मूळ वीज आकार ८ रुपये धर. हा आकडा समजण्यापुरता. सौर तास ९ ते १७, कमाल मागणीचे तास १७ ते २४, बाकी सर्वसाधारण. नियमातले किमान टक्के लावले तर दर होतात ६.४०, ९.६० आणि ८.००. पहिली पाळी ७ ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री १२, तिसरी १२ ते ७ अशी मान, आणि प्रत्येक तासाला सारखाच भार. पहिल्या पाळीला सरासरी युनिट ६.७८ रुपयांना पडते, दुसऱ्या पाळीला ९.०४ ला, तिसऱ्या पाळीला ८ ला. जुन्या पद्धतीत त्याच ८ रुपयांवर रात्री १० ते सकाळी ६ या ए झोनला १.५० रुपये सूट होती, सी झोनला ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० या डी झोनला १.१० रुपये जादा. त्या हिशेबाने पहिली पाळी ८.२८, दुसरी ८.१६, तिसरी ६.७१.

हे आकडे नीट पाहा. पहिली पाळी दीड रुपयाने उतरली, तिसरी जवळजवळ एक रुपया तीस पैशांनी चढली, दुसरी मधल्या मध्ये आणखी महाग झाली. एकाच पाळीत चालणाऱ्या मशीनशॉपवाल्याला हा नियम गोड लागणार. पण हीट ट्रीटमेंटवाल्याचे काय? त्याने रात्रीच्या स्वस्त विजेवर भरवसा ठेवून फर्नेस रात्री पूर्ण भाराने चालवायची सवय लावली. फर्नेस बंद करून सकाळी पुन्हा तापवणे म्हणजे उष्णता फुकट घालवणे, आणि अस्तराला तडे. त्याची वेळ हलते, पण सहज हलत नाही. पहिल्या ओळीत ज्या कारणाने शेतकरी वगळला, त्याच कारणाचा अर्धा भाग इथेही लागू आहे. नियमाने तो पाहिलेला नाही.

मग रात्रीची सवलत नियमाने काढली का? मजकूर पुन्हा वाच. सौर तासांना सूट द्या, कमाल मागणीच्या तासांना जादा लावा. रात्रीबद्दल एक अक्षरही नाही. याचा अर्थ, रात्रीची सवलत ठेवायलाही नियम आड येत नाही आणि काढायलाही आड येत नाही. ती गेली ती आयोगाच्या विवेकाने, नियमाच्या आज्ञेने नाही. हा फरक उद्योजकांच्या हरकतींमध्ये बहुतेक वेळा पुसला जातो. पंप दिवसाकडे सरकत असताना मध्यरात्रीनंतरची मागणी घटणार आणि कोळशाचे संच तेव्हाही चालूच राहणार. अशा वेळी रात्री १२ ते ६ या तासांना थोडी तरी सूट का नसावी, याला माझ्या मते समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. ज्याला हरकत घ्यायची त्याने नियमाशी भांडू नये. नियम त्याच्या बाजूने गप्प आहे.

मूळ : 'परंतु असेही की, दिवसाच्या वेळेनुसारचा दर सर्वसाधारण दराच्या वीज आकार या घटकावर लागू होईल.'

'घटक' या शब्दाकडे लक्ष दे. याचा अर्थ सर्वसाधारण दर हे एक मोठे पूर्ण आहे आणि वीज आकार त्याचा एक भाग. म्हणजे आधीच्या परंतुकांतला १.२० पट हा संपूर्ण दराला नव्हे, फक्त वीज आकाराला. परंतुके एकमेकांना छेद देतात असे वाटले तर नंतरच्याने आधीचे आवरते, असा हा प्रकार. वहन आकार बिलात वेगळ्या ओळीवर असतो, म्हणून तो बाहेर. मागणी आकार, जो केव्हीएवर लागतो, तोही बाहेर. म्हणून बिलावर जी एकूण सवलत दिसते ती वीस टक्क्यांपेक्षा लहान असते, आणि मागणी आकार जितका मोठा तितकी आणखी लहान.

आता एक बारीक गोष्ट. मागणी आकार घड्याळाबाहेर आहे असे नियम म्हणतो, पण महाराष्ट्राच्या दर आदेशांत त्याला स्वतःचे घड्याळ वर्षानुवर्षे होते : बिलासाठी मोजायची मागणी ही सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतली. रात्री १० नंतर चढलेली मागणी त्यात धरत नसत. तिसऱ्या पाळीकडे भार ढकलण्याला ही दुसरी लालूच. सौर तासांत सगळ्या यंत्रांना एकदम चालवले तर युनिट स्वस्त पडेल, पण त्याच तासांत मागणीचा आकडा चढेल आणि केव्हीएमागे तो महिनाभर भरावा लागेल. एका हाताने बोलावायचे, दुसऱ्या हाताने थोपवायचे.

याहून मोठी विसंगती भारांकात आहे. भारांक म्हणजे महिन्यात प्रत्यक्ष वापरलेली वीज आणि पूर्ण मागणीने अखंड वापरली असती तर झाली असती ती वीज, यांचे गुणोत्तर. ७५ टक्क्यांच्या वर भारांक ठेवणाऱ्या उच्चदाब ग्राहकाला महाराष्ट्रात सूट मिळत आली आहे, कमाल १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे चोवीस तास सारखा वापर करणाऱ्याला बक्षीस. नियम ८अ चे बक्षीस उलट, असमान वापर करणाऱ्याला. दोन्ही सवलती कलम ६२(३) च्या यादीत बसतात. एक 'भारांक'वर, दुसरी 'वेळ'वर. कायद्याच्या एकाच वाक्यातल्या दोन शब्दांनी कारखान्याला दोन दिशांना ओढावे, हे २००३ मध्ये कुणाच्या ध्यानी येण्यासारखे नव्हते. तेव्हा ग्रीडला सपाट भार हवा होता. आज तिला सूर्याच्या मागे चालणारा भार हवा आहे. भारांकाची सूट किती काळ टिकवायची, हा पुढच्या दर आदेशांतला खरा प्रश्न, असे मला वाटते.

छतावर सौर पॅनेल टाकलेल्याने या परंतुकाचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवावा. दुपारी स्वतःच्या छतावरून वापरलेले युनिट आता ८ रुपये वाचवत नाही, ६.४० वाचवते. पॅनेलचा खर्च किती वर्षांत निघेल याचे जुने कोष्टक त्यामुळे चुकते. बॅटरी लावून तेच युनिट संध्याकाळी ७ ला वापरले तर मात्र ९.६० वाचतात.

मूळ : 'परंतु असेही की, कमाल मागणीच्या तासांचा कालावधी राज्य आयोगाने किंवा राज्य भार प्रेषण केंद्राने अधिसूचित केलेल्या सौर तासांपेक्षा जास्त नसावा.'

सगळ्यांत कमी वाचले जाणारे आणि माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक लिहिलेले वाक्य हेच. त्याचे रहस्य हिशेबात आहे. चोवीस तास सारखा भार चालवणारा ग्राहक घे, ताशी १०० युनिट. सौर आठ तास आणि कमाल मागणीचे आठ तास, म्हणजे मजकुराने दिलेली पुरी सूट, आणि टक्के किमान. आठशे युनिट ६.४० ने ५,१२० रुपये, आठशे ९.६० ने ७,६८०, उरलेली आठशे ८ ने ६,४००. बेरीज १९,२००. सपाट ८ रुपयांनी २,४०० युनिटांचेही १९,२००. म्हणजे वीस टक्के खाली आणि वीस टक्के वर, तास सारखे. ज्याने काहीच बदलले नाही त्याचे बिलही बदलले नाही. महाराष्ट्राने २०२५ च्या आदेशात कमाल मागणीचे सात तास धरले, सात हे आठपेक्षा जास्त नाहीत, तेव्हा या ग्राहकाचे उलट १६० रुपये वाचतात. अर्थापत्तीने असे निघते की परंतुकाचा गाभा हा न हलू शकणाऱ्या ग्राहकाचे रक्षण आहे.

पण रक्षण तासांचे केले, टक्क्यांचे नाही. आयोगाने सौर सूट वीस टक्क्यांवरच ठेवली आणि कमाल मागणीचा अधिभार पंचवीस टक्के केला, तर नियमाचे अक्षर मोडत नाही, '१.२० पटीपेक्षा कमी नसावा' ही अट १.२५ पाळतेच. बेरीज मात्र ५,१२०, ७,००० आणि ७,२०० मिळून १९,३२० होते. काहीच न बदलता बिल १२० रुपयांनी वाढले. तेव्हा दर आदेश हाती आला की आधी दोन्ही टक्के शेजारी मांड, तासांनी गुण, आणि बेरीज सपाट दराशी ताडून पाहा. नियमाचा आशय पाळला की नुसते अक्षर, ते त्यातून कळते.

'किंवा राज्य भार प्रेषण केंद्राने.' महाराष्ट्राचे केंद्र ऐरोलीला आहे. कुठला संच किती चालवायचा हे तिथून ठरते. 'अधिसूचित केलेल्या' हे विशेषण सौर तासांचे की कमाल मागणीच्या तासांचे? व्याकरण सौर तासांकडे बोट दाखवते. पण खालचे स्पष्टीकरण सौर तास आयोगाने ठरवायचे असे सांगते, केंद्राचे नाव तिथे नाही. मेळ असा लावावा : सौर तास किती आणि कोणते हे आयोग ठरवील, ग्रीडवर ताण प्रत्यक्षात कोणत्या तासांना येतो हे केंद्र सांगेल. ज्याच्या हाती ग्रीडचा लगाम त्याचा शब्द दरात यावा, एवढ्यासाठी त्याचे नाव घातले असावे.

मूळ : 'स्पष्टीकरण : सौर तास म्हणजे राज्य आयोगाने ठरवलेला दिवसातला आठ तासांचा कालावधी.'

'आठ' हा आकडा पक्का; सात चालणार नाहीत, नऊ चालणार नाहीत. सलग असावेत का? मजकूर म्हणत नाही, पण 'कालावधी' एकवचनी आहे, म्हणून सलग. कोणते आठ, हे मोकळे.

व्याख्या तासांची आहे, उन्हाची नाही. जुलैत भामा खोऱ्यावर ढग उतरून दिवसभर दिवे लावावे लागले तरी सकाळी ९ ला सवलत सुरू होते. आणि डिसेंबरच्या निरभ्र सकाळी साडेआठला छतावरचे पॅनेल चांगले चालू असले तरी होत नाही. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळे आठ तास ठरवता येतील का? 'राज्य आयोगाने ठरवलेला' या शब्दांत ते बसते. 'दिवसातला' म्हणजे प्रत्येक दिवसाचा, वर्षभर तोच, असे वाचायला आधार नाही. अडचण मजकुराची नाही, मीटरची आहे : झोनचे तास मीटरच्या आत भरलेले असतात, आणि जुन्या मीटरमध्ये ते दर ऋतूला बदलायचे तर माणूस जागेवर पाठवावा लागतो. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा वापर नोंदवून ठेवतो. त्याच्यावर तास मागाहूनही लावता येतात. पहिल्या ओळीत 'मीटर बसताच' का म्हटले, त्याचा एक अर्थ हाही.